जुन्या शाळेचे कलाकेंद्र करतोय, मधली भिंत पाडावी का?

पेडण्याची बाई

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे. थोडक्यात सांगितला तर उत्तर चुकीचे मिळेल, म्हणून सगळे लिहिते.

आमच्या गावच्या मराठी प्राथमिक शाळेची इमारत आम्ही गावकरी कलाकेंद्रासाठी दुरुस्त करायला घेतली आहे. या शाळेत मी पहिली ते चौथी शिकले आणि नोकरीची शेवटची नऊ वर्षे तिथेच शिकवले. पट उतरत उतरत चारवर आला. ती चार भुरगी (मुले) शेजारच्या गावच्या शाळेत गेली आणि मी कुलूप लावले. त्याला तीन पावसाळे झाले.

इमारत गोवा मुक्तीच्या आधीची. पोर्तुगीज अमदानीत सरकारी शाळेत शिकवायचे ते पोर्तुगीज. मराठी शिकायचे तर देवळाच्या अग्रशाळेत (भाविकांच्या उतरण्याच्या जागेत), गावाने ठेवलेल्या मास्तरांकडे. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंवरची बंधने सैल झाली आणि मग गोव्यात लोकांनी स्वतःच्या पैशाने ठिकठिकाणी मराठी शाळा काढल्या. आमची त्यांतलीच एक. चिरे (जांभ्या दगडाचे) कुणाच्या भाटातल्या, म्हणजे बागायतीतल्या, खाणीतून आले, लाकूड कुणी दिले, चुना मळायला पाणी कुठल्या विहिरीतून ओढले, हे माझी आजी नावानिशी सांगायची. त्या पाण्याच्या कळशा वाहणाऱ्या बायकांत ती होती. तिला स्वतःला अक्षर येत नव्हते. मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने खेड्यापाड्यांत शाळा नेल्या, तेव्हा आमची शाळाही सरकारी झाली.

आता इमारत कशी आहे ते सांगते. ओळीने तीन खोल्या, प्रत्येक साधारण वीस फूट लांब आणि अठरा फूट रुंद. पुढे तिन्ही खोल्यांना मिळून एकच लांब सोपा (ओसरी), सात फुटांचा, लाकडी खांबांचा. समोर अंगण, अंगणात वडाचा पार. जोते दोन फुटांचे. वर मंगळुरी कौले. पहिल्या आणि दुसऱ्या खोलीमधली भिंत मी टेपने मोजली, एकवीस इंच जाड भरली. त्या भिंतीवर पहिलीच्या बाजूने गिलाव्यातच काळा फळा केलेला आहे. मी त्याच फळ्यावर ‘अ’ गिरवला आणि पुढे त्याच फळ्यावर तो दुसऱ्यांना गिरवायला लावला.

वाद या भिंतीचा आहे. मंडळातल्या तरुणांना मोठा हॉल हवा आहे. त्यांचे खोटे नाही. दशावताराची तालीम, भजन, फुगडीचा सराव हे सगळे वीस बाय अठराच्या खोलीत कसे करायचे? ज्या ठेकेदाराला बोलावले त्याने अर्ध्या तासात सांगितले: मधली भिंत पाडा, कौले उतरवा, वर स्लॅब टाका, पन्नास वर्षे बघायला नको. गावातून आणि बाहेरगावी असलेल्यांकडून मिळून साडेनऊ लाख जमले आहेत. त्यात त्याचे काम बसत नाही, पण तो म्हणतो की पुढचे पुढे बघू.

मी नको म्हणते आहे, पण माझ्या नको म्हणण्याला आठवणींखेरीज आधार नाही आणि सभेत आठवणींवर ठराव होत नाही. म्हणून जाणत्यांना विचारते. भिंत पाडता येते का? पाडली तर काय होते? दुसरे म्हणजे पंधराएक वर्षांपूर्वी आतून खांद्याइतक्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा मारला होता. तेव्हापासून त्या गिलाव्याच्या वरच्या कडेला लोणा लागतो, म्हणजे क्षाराची पांढरी भुकटी येते, पापुद्रे सुटतात. त्याआधी भिंत ओली व्हायची, पण उन्हाळ्यात आपोआप सुकायची. हे असे का? आणि कौलांवर रोमन अक्षरांत ‘बासेल मिशन’ आणि ‘१८६५’ असा छाप आहे. मंडळातला एकजण म्हणतो, म्हणजे शाळा १८६५ ची. मला ते पटत नाही.

चिरेबंदी, डिचोली

बाई, नमस्कार. मी चोवीस वर्षे जुनी घरे दुरुस्त करतो, बहुतेक चिऱ्याची आणि चुन्याची. आधी सोपे ते सांगतो. १८६५ हे बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना सुरू केला त्याचे साल. ते छापातच असायचे, कौल कधीही भाजलेले असो. पहिल्या महायुद्धानंतर ते कारखाने दुसऱ्या कंपनीकडे गेले, त्यामुळे मिशनचे नाव असलेली कौले जुनी आहेत एवढे नक्की. कुणाचे तरी घर उतरवले असेल, त्याची कौले शाळेला दिली असतील. आपल्याकडे असे होतच असे. ती टाकू नका. एकेक हातात घेऊन बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजले तर चांगले, बद्द वाजले तर तडा आहे. चांगली निघालेली सगळी पुढच्या पाखीवर लावा आणि नवी मागच्या.

आता भिंत. तुमच्या मापांवरून छप्पर सव्वादोनशे चौरस मीटरच्या वर भरते, म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास कौले. मंगळुरी कौल अडीच किलोचे धरा, चौरस मीटरला पंधरा लागतात, म्हणजे चौरस मीटरला चाळीसएक किलो. पाच इंची स्लॅब चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जातो. त्या काळच्या भिंतींत चिरे बहुतेक मातीत बसवलेले असतात, चुना फक्त सांध्यांना आणि गिलाव्याला. अशा भिंतीवर सात-आठपट वजन चढवणार आणि वर आधाराची मधली भिंत काढून घेणार? ज्याने हे अर्ध्या तासात सांगितले त्याने भिंत उकलून पाहिलेली नाही.

एकवीस इंची आडवी भिंत दोन कामे करते. तिच्यावर आढे टेकलेले असते. आणि छपराचे वासे पुढची-मागची भिंत सतत बाहेर ढकलत असतात, त्या दोन भिंतींना ती धरून ठेवते. ती पाडली तर पहिल्या पावसाळ्यात काही होणार नाही. चार-पाच वर्षांनी मागची भिंत पोट काढेल.

अगदीच हवे असेल तर अठरा फुटांच्या भिंतीत दोन्ही टोकांना साडेचार-साडेचार फूट तशीच ठेवून मधले नऊ फूट उघडता येतात. आधी टेकू द्यायचे, वर गर्डर घालायचा, गर्डरखाली दोन्हीकडे दगडी उशी. तुमचा फळा मात्र त्यात जाईल.

पण त्याआधी एक काम करा. शिडी लावून वर चढा किंवा कुणाला चढवा आणि बघा: आडव्या भिंती दोन आहेत, दोन्ही आढ्यापर्यंत गेल्या आहेत का? दोन्हींची जाडी सारखी आहे का? हे कळल्याशिवाय कुणालाही पैसे देऊ नका.

लोणा लागण्याचे कारण सिमेंटच. चिरा सच्छिद्र दगड. जमिनीतले पाणी तो वर ओढतो आणि चुन्याचा गिलावा ते पाणी हवेत सोडतो. तुम्ही लिहिलेच आहे की पूर्वी भिंत उन्हाळ्यात सुकायची. सिमेंटने तोंड बंद केले, पाणी वर चढत गेले आणि जिथे सिमेंट संपले तिथून बाहेर पडले. येताना क्षार घेऊन आले. तो गिलावा छिन्नीने हलक्या हाताने काढा, ब्रेकर लावू नका. मग दोन महिने भिंत तशीच उघडी राहू दे.

पेडण्याची बाई

चिरेबंदी बाब, देव बरे करूं. असे उत्तर मिळेल असे वाटले नव्हते. रविवारी भाच्याला शिडीवर चढवते आणि कळवते. एक विचारते, फळा वाचवून भिंत उघडायचा काहीच मार्ग नाही का?

दशावतारी

बाई, मी बारा वर्षे दशावतारी कंपनीत आहे, आधी झांज वाजवायचो, आता भूमिका करतो. तुमच्या तालुक्यातल्या बऱ्याच जत्रांना येऊन गेलो आहे.

तुमच्या मंडळातल्या मुलांना माझा एक निरोप द्या. आमच्या नाटकाला मागे एक पडदा लागतो, पुढे एक बाकडे लागते. तेच सिंहासन, तोच रथ, तोच डोंगर. बाजूला पेटी, पखवाज, झांज. लोक तीन बाजूंनी बसतात, देवळाच्या प्रांगणात, उघड्यावर. हॉलमध्ये एका बाजूला उंच स्टेज आणि समोर खुर्च्या मांडल्या की आमचा नट पार बुजतो. बुजला नाही तर ओरडायला लागतो.

तुमच्याकडे सात फुटांचा सोपा आहे, दोन फुटांचे जोते आहे, पुढे अंगण आणि पार आहे. रंगमंच तयारच आहे की! सोप्यावर पडदा बांधा, मागच्या खोलीत रंगपट करा. रंगपटाला काय लागते तेही लिहितो, कारण नवीन केंद्रे बांधणारे हेच विसरतात: चांगला उजेड असलेला आरसा, पाण्याचा नळ, मुकुट आणि कपडे टांगायला खुंट्या, गणपतीच्या पूजेला कोनाडा आणि मागच्या बाजूने बाहेर पडायला एक दार. आम्ही रात्री उशिरा सुरू करतो ते पहाटेपर्यंत चालते. बायका भूमिका करायला लागल्या आहेत, त्यांना वेगळी खोली लागते. त्यासाठीच तुमच्या तीन खोल्या तीनच राहू देत.

तालमीला मात्र जागा लांब हवी हे खरे. युद्धाच्या प्रवेशाला वीस फूट कमी पडतात.

पेटीवाला, फोंडा

आवाजाचे बघायचे तर रिकाम्या खोलीत मध्ये उभे राहून टाळी वाजवा. समोरासमोरच्या दोन भिंतींत ती फडफडत राहिली तर गायनाला त्रास होतो. कौलारू छपराखाली हा त्रास कमी, कारण आवाज कौलांच्या फटींतून थोडा निघून जातो. स्लॅब टाकला की तोच आवाज डोक्यावरून परत येतो. स्लॅब टाकून मग त्यावर ध्वनिशोषक तक्ते लावायला पैसे घालवलेली जागा मी पाहिली आहे, नाव घेत नाही.

मात्र जून ते सप्टेंबर जोराचा पाऊस आला की कौलांखाली तंबोरा ऐकू येत नाही. म्हणून एका खोलीला, सर्वांत लहान असेल तिला, लाकडी फळ्यांचे छत करा. सगळीकडे नको. छत झाले की गळती आणि वाळवी डोळ्यांआड जाते.

वाद्यांसाठी भिंतीपासून सुटे, पाय असलेले कपाट करा, जमिनीवर काही ठेवू नका. पावसाळ्यात पेटीच्या पट्ट्या फुगतात, चामडे उतरते. कपाटात एक लहान बल्ब जळत राहिला तरी फरक पडतो. आणि घुमटे (कातडे चढवलेली मातीची वाद्ये) घेणार असाल तर बकऱ्याच्या कातड्याचीच घ्या. पूर्वी घोरपडीचे कातडे लावत, पण घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. गोवा सरकारने २०१९ साली घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले, तेही बकऱ्याचे कातडे धरूनच. कानाला थोडा फरक लागतो, पण हात बसतो.

निवृत्त पंचायत सचिव

सगळे भिंतीबद्दल बोलतात. मी कागदाबद्दल बोलतो, कारण अशी तीन कामे कागदामुळे मध्येच थांबलेली मी स्वतः पाहिली.

बाई, पहिल्यांदा जमिनीचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सात-बारा, काढा. कब्जेदाराच्या रकान्यात कुणाचे नाव आहे? गावाने बांधलेल्या शाळांची जमीन कधी देवस्थानची असते, कधी कोमुनिदादची (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची), कधी एखाद्या भाटकाराने (जमीनदाराने) तोंडी दिलेली. शाळा सरकारी झाली म्हणजे जमीन सरकारी झाली असे नाही. इमारत शिक्षण खात्याच्या नोंदीत असेल, जमीन दुसऱ्याच्या नावावर. देवस्थानची निघाली तर महाजनांचा, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत सभासदांचा, ठराव लागेल आणि देवालयांचा प्रशासक मामलेदार असतो, त्यामुळे कागद तिथूनही फिरेल.

खात्याकडून इमारत वापरायला मिळाल्याचे पत्र लेखी हवे, मुदतीसह. ‘सांगितले आहे’ चालत नाही. अकरा महिन्यांच्या परवानगीवर साडेनऊ लाख घालू नका. आणि पत्र कुणाच्या नावावर घेणार? मंडळ नोंदणीकृत आहे का? नसेल तर आधी नोंदणी, मग बँकेत मंडळाच्या नावाचे खाते, मग वर्गणी. बाहेरगावच्या लोकांनी विश्वासाने पैसे दिले आहेत, ते एकाच्या खात्यात पडून राहू देऊ नका.

नुसती दुरुस्ती करणार असाल तर गोष्ट वेगळी आणि भिंती पाडून, स्लॅब टाकून रूप बदलणार असाल तर वेगळी. दुसऱ्यासाठी नकाशे, परवाने, अभियंत्याचे प्रमाणपत्र, सगळे नव्याने. जे आहे ते सांभाळून केलेत तर कागदही कमी लागतात.

पेडण्याची बाई

सचिव साहेब, मंडळ नोंदणीकृत आहे, पण पैसे खजिनदाराच्या खात्यात आहेत. माणूस सोन्यासारखा आहे, तरी उद्याच बोलते. उतारा मी काढला नव्हता, हे कबूल करते. इतकी वर्षे तिथे वावरले, जमीन कुणाची हे कधी मनातही आले नाही.

दशावतारी बाब, तुमचे उत्तर मी छापून सभेत वाचणार आहे. एका गोष्टीत मात्र तरुणांशी मी आत्ताच भांडून घेतले. त्यांच्या यादीत धालोचाही कार्यक्रम होता, केंद्रातल्या हॉलमध्ये. धालो मांडावर खेळतात. पौषात रात्री सारवलेल्या मांडावर बायका दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहतात आणि ती जमीन त्या खेळातली असते. चार भिंतींत तो खेळ नेऊ नका असे मी सांगितले. मुलींना गाणी शिकवायची असतील तर केंद्रात या, मी शिकवते. खेळायचे मांडावरच.

शिडीचे रविवारी कळवते.

कुर्डीचा

बाई, सल्ला द्यायला माझ्याकडे काही नाही. आमचे गाव सांगे तालुक्यात, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे कुर्डी. साळावली धरणाखाली गेले. आम्हाला वाडे आणि वालकिणीला वसवले. दर मे महिन्यात पाणी उतरले की आम्ही सोमेश्वराच्या देवळापाशी जमतो आणि ज्याच्या त्याच्या घराच्या चौथऱ्यावर जाऊन उभे राहतो. चिऱ्याची एक-दोन ओळ दिसते. माझे वडील हात दाखवून सांगायचे, इथे चूल होती, इथे दार. मी दार कधी पाहिले नाही.

तुमचा फळा अजून भिंतीवर आहे. भिंतीला हात लावायच्या आधी त्याचे फोटो नीट काढून ठेवा, एवढेच सांगतो.

पेडण्याची बाई

कुर्डीच्या बाब, फोटो काढले. चारी कोपऱ्यांतून काढले आणि बाजूला फूटपट्टी धरून पुन्हा काढले.

आता रविवारचे सांगते. भाचा शिडीवर, मी खाली कंदील घेऊन, कारण वीज तोडलेली आहे. पहिल्या आणि दुसऱ्या खोलीमधली भिंत थेट आढ्यापर्यंत गेली आहे आणि आढे तिच्यावरच टेकले आहे. चिरेबंदी बाबांनी न बघता सांगितले तसेच. मग शिडी पुढे नेली. दुसऱ्या आणि तिसऱ्या खोलीमधली भिंत वर जातच नाही! नऊ फुटांवर ती संपते आणि वर छपराचा भार पेलणारी लाकडी कैची आहे. भाच्याने हात घालून दाखवला, भिंत आणि कैचीच्या मध्ये बोटभर फट. खाली उतरून दाराच्या चौकटीपाशी जाडी मोजली तर जेमतेम सात इंच. चिरे उभे लावून केलेली भिंत. इतकी वर्षे मी त्या दोन खोल्यांत ये-जा केली, कधी वर पाहिले नाही.

घरी येऊन आतेला विचारले. ती शहाऐंशी वर्षांची आहे, ऐकू कमी येते, पण आठवते सगळे. म्हणाली, “ती भिंत मागाहून घातली गे. वर्ग वाढले म्हणून. आधी तिथे एकच खोली होती, मोठी. मास्तर तिथे सरस्वतीपूजनाला नाटक बसवायचे. पडदा आमच्या घरच्या लुगड्यांचा.” मग तिने त्यातले दोन पदही म्हणून दाखवले.

म्हणजे चाळीस फुटांचा हॉल आमच्याकडे होताच. आम्ही तो भिंत घालून बुजवला आणि आता दुसरी भिंत पाडून नवा करायला निघालो होतो.

हे काल सभेत सांगितले. ज्या पोराने हॉलसाठी सर्वांत जास्त हट्ट धरला होता तोच उठला आणि म्हणाला, मग ती सात इंची भिंत कधी काढायची? तो माझा चौथीचा विद्यार्थी. स्लॅबचा विषय पुन्हा निघालाच नाही. फळ्याची खोली वाचनालय आणि चित्रकलेच्या वर्गासाठी ठरली. वाद्यांना वेगळी खोली उरत नाही, म्हणून सोप्याच्या एका टोकाला लाकडी पडदी घालून रंगपटाची आणि वाद्यांची जागा करायचे चालले आहे. बायकांना वेगळी खोली हवी असे दशावतारी बाबांनी लिहिले होते, त्यासाठी नाटकाच्या रात्री वाचनालय मोकळे करून देऊ.

चिरेबंदी बाब, ती सात इंची भिंत आम्ही गावातल्या गवंड्याकडून काढली तर चालेल का? आणि कैची इतक्या वर्षांनी धड असेल का?

चिरेबंदी, डिचोली

बाई, वाचून हात आपोआप जोडले गेले.

चालेल, पण घाई नको. बोटभर फट आहे हे चांगले लक्षण, म्हणजे कैची भिंतीवर बसलेली नाही. तरी फट पूर्ण लांबीत आहे का ते पाहा. कुठे एका ठिकाणी कैचीची खालची तुळई भिंतीला टेकली असेल तर ती तिथे वाकली आहे असे समजा. भिंत काढण्याआधी कैचीच्या दोन्ही बाजूंना टेकू द्या, लाकडी किंवा लोखंडी. मग वरच्या थरापासून एकेक चिरा हाताने उतरवायचा. घण घालून खालून पाडायची नाही. उतरवलेले चिरे चांगले असतील, जोत्यावर खुर्ची चढवायला रॅम्प करा, त्याला ते उपयोगी पडतील. जोते दोन फूट आहे, एकास बारा उतार धरला तर रॅम्प चोवीस फूट लांब लागेल. सोप्याच्या बाजूने वळवून घ्या. तुमच्या आतेला खुर्चीवरून आत नेता आले पाहिजे.

कैची भिंतीत जिथे शिरते ती दोन टोके सर्वांत आधी कुजतात. तिथे छिन्नीचे टोक दाबून बघा. सहज आत गेले तर टोक बदलावे लागेल, अख्खी कैची नाही. जुन्या लाकडाला जोड देणारे सुतार अजून आहेत. मी एक पाठवतो.

वायरिंग भिंत खोदून करू नका, वरून पाइप घालून करा, दिसली तर दिसू दे. कामाचा क्रम असा ठेवा: आत्ता सिमेंट खरवडणे, भिंत सुकत असताना छपराचे लाकूडकाम, मेच्या पंधरा तारखेच्या आत सगळी कौले परत वर. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येतो, त्याच्या भरवशावर एक खोलीही उघडी ठेवू नका. चुन्याचा गिलावा पावसाळा संपल्यावर, दिवाळीनंतर. चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो, घाईत मारला तर तडकतो. आताच शिंपल्यांचा चुना आणून टाकीत भिजत घाला, तोवर लोण्यासारखा होईल. रेती नदीची, धुतलेली. समुद्राची मुळीच नाही.

आणि आपल्याकडे हे होते, याचे उदाहरण सभेत हवे असेल तर रेईश मागूशचा किल्ला दाखवा. १९९३ पर्यंत तुरुंग होता, पडायला आला होता. नीट सांभाळून दुरुस्त केला, २०१२ साली लोकांना खुला झाला, आता तिथे व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या चित्रांचे दालन आहे. भिंती चिऱ्याच्याच.

पेडण्याची बाई

उतारा आज मिळाला. जमीन देवस्थानची निघाली, सचिव साहेबांचा अंदाज खरा ठरला. महाजनांची बैठक पुढच्या सोमवारी आहे. खात्याचे पत्र आणि महाजनांचा ठराव हातात आल्याशिवाय एकही चिरा हलवायचा नाही असे ठरले आहे. वर्गणी कालच मंडळाच्या खात्यात गेली.

तोवर बिनखर्चाचे एक काम सुरू केले. फळ्यावर कुणीतरी ऑइलपेंट मारला होता, तो मी ओल्या फडक्याने आणि नखाने थोडा थोडा सोडवते आहे. डाव्या कोपऱ्यात खाली, लहान मुलाचा हात पोचेल तिथे, चार आडव्या ओळी कोरलेल्या सापडल्या. अक्षर सरळ यावे म्हणून कुणा मास्तरांनी खिळ्याने ओढलेल्या असणार. चिरेबंदी बाब, या भागावर नवा चुना लावायचा की तसाच ठेवायचा, हे तुमच्या सुताराबरोबर तुम्हीही आलात तर बघून सांगा. जेवायला आमच्याकडे.